सव्वापाचची भरती

समुद्रविज्ञान शिकवण्यासाठी मी बनवलेल्या पहिल्या वेबपानात चंद्र फार देखणा होता. बोटाने धरून तो पृथ्वीभोवती फिरवता यायचा आणि तो जिकडे जाईल तिकडे निळं पाणी फुगून त्याच्यामागे धावायचं. समोर एक फुगवटा, पाठीमागे दुसरा. मागे तारे लुकलुकायचे. त्या ताऱ्यांच्या लुकलुकण्यावर माझे तीन आठवडे गेले, हे आता सांगायला लाज वाटते.

ते पान घेऊन मी रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत गेलो. आठवीचा वर्ग. मुलांनी चंद्र गरागरा फिरवला, उलटा फिरवला, दोघांनी शर्यतही लावली. शिक्षक खूश, मीही खूश. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरची होडी असलेली. म्हणाली, ‘सर, आज सप्तमी. म्हणजे सव्वापाचला भरती भरणार. तुमच्या चित्रात किती वाजता भरते?’

माझ्या चित्रात वाजतच नव्हते. त्यात घड्याळ नव्हतं, गाव नव्हतं, किनारासुद्धा नव्हता. एक गुळगुळीत गोळा होता आणि त्याच्यावर पाणी होतं. त्या मुलीने मात्र बोटांवर हिशेब करून एका विशिष्ट किनाऱ्याची, विशिष्ट दिवसाची, मिनिटांतली वेळ सांगितली होती. तिचं उत्तर चुकू शकत होतं. माझं चित्र चुकूही शकत नव्हतं, कारण ते काही सांगतच नव्हतं. शिकवण्यासाठी बनवलेल्या हलत्या चित्रांबद्दल माझं जे काही मत आहे ते त्या दिवशी बनलं. चित्र हलतं म्हणून कुणी शिकत नाही. बोटाने हलवता येतं म्हणूनही नाही. मुलाने आधी स्वतःचं उत्तर मांडलेलं असेल आणि चित्र त्या उत्तराला भिडत असेल, तरच काही घडतं.

हे नुसतं माझ्या खजील होण्यातून आलेलं मत नाही. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रसिद्ध आढावा घेतला होता. हलती चित्रं स्थिर चित्रांपेक्षा जास्त शिकवतात असा दावा करणारे प्रयोग त्यांनी तपासले आणि त्यांना दिसलं की जिथे फरक पडला तिथे बहुतेक वेळा हलत्या चित्रात जादा माहितीच भरलेली होती. माहिती सारखी ठेवली की चित्राच्या हलण्याचा फायदा जवळपास उरत नव्हता. हलणारी गोष्ट डोळ्यांपुढून निघून जाते. स्थिर चित्राकडे परत परत पाहता येतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या आलेख विभागातले आर्ची त्से यांनी तर जाहीरपणे सांगितलं की आम्ही अशी हाताळण्याजोगी चित्रं कमी करतो आहोत, कारण वाचक बटणं दाबत बसत नाही, तो फक्त पान खाली सरकवतो. पण त्याच वर्तमानपत्राने २०१५ मध्ये एक साधी गोष्ट केली होती. आई-वडिलांचं उत्पन्न आणि मुलांनी कॉलेजात जाणं यांचा संबंध दाखवणारा आलेख त्यांनी कोरा ठेवला आणि वाचकाला म्हटलं, रेष तुम्ही काढा. तुमची काढून झाली की खरी रेष दिसेल. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच कल्पना प्रयोगात तपासली. ज्यांनी आधी अंदाज बांधला आणि मग आपल्या अंदाजातली तफावत पाहिली त्यांना आकडे जास्त चांगले लक्षात राहिले. तेव्हा प्रश्न हाताळण्याचा नाही, पैज लावण्याचा आहे.

आता त्या सप्तमीकडे परत येतो, कारण तिच्यात बरंच काही आहे.

कोकण किनाऱ्यावरचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण भरते. सात तिथी, पाऊण तासाने सव्वापाच. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. होडी कधी काढायची, खडकावर कालवं काढायला कधी जायचं, हे सगळं त्यावर चालतं. मी घरी येऊन हा नियम कागदावर मांडला आणि त्यात एक गंमत सापडली. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा म्हणजे एक. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे एका दिवसात भरती सव्वाअकरावरून पाऊण वाजेपर्यंत, तब्बल दीड तास पुढे गेली. समुद्र असं करत नाही. भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा येते, तिथीच्या मापात ४८ मिनिटांनी. नियम ४५ धरतो. रोजची तीन मिनिटं साठत साठत पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तास होतात आणि प्रतिपदेला एकदम वसूल होतात.

पाऊणऐवजी चार-पंचमांश धरलं तर हिशेब नीट बसतो. पौर्णिमेला बरोबर बारा. पण चार-पंचमांश बोटांवर कोण करणार? तरी तोच हिशेब घटकांत मांडून पाहा. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ४८ मिनिटं म्हणजे दोन घटका. तिथीची दुप्पट करा, तितक्या घटका. पंधरा तिथींच्या तीस घटका, म्हणजे बरोबर बारा तास. अपूर्णांकच नाही. घड्याळाच्या तासांत आणल्यावर जे ओढूनताणून पाऊणपट होतं, ते घटकांत साधं दुप्पट असतं.

दुसरं पान मी या नियमावरच बांधलं. त्यात चंद्र नाही, तारे नाहीत. पंधरा तिथींचे पंधरा उभे दांडे आहेत आणि प्रत्येक दांड्यावर भरतीची वेळ मुलाने बोटाने ठेवायची आहे. पंधराही ठेवल्याशिवाय पुढचं काही उघडत नाही. मग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातल्या वेळा त्याच दांड्यांवर दुसऱ्या रंगात येतात. मुलांच्या खुणा सरळ रेषेत असतात, कोष्टकाच्या नसतात. त्या वळतात. उधाणाच्या सुमाराला रोजचा उशीर ५० मिनिटांपेक्षा कमी, भांगाच्या सुमाराला जास्त, कधी तासाच्याही वर. आता वर्गात प्रश्न तयार होतो आणि तो मी विचारलेला नसतो: आजोबांचा नियम मध्येच का चुकतो?

त्याचं उत्तर देणारं बटण एकच आहे. त्यावर लिहिलंय ‘सूर्य बंद करा’. चंद्रामुळे उठणारी लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे उठणारी १२ तासांची. दोन्ही एकत्र चालतात, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला एकमेकींवर चढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमाराला एकमेकींना खातात तेव्हा भांग. सूर्य बंद केला की उधाण-भांगाचा फरक जातो आणि त्याच क्षणी रोजचा उशीरही सरळ रेषेत येतो. दोन वेगळे वाटणारे प्रश्न एकाच बटणाने सुटताना पाहिले की मुलं ते बटण परत परत दाबतात. हे दाबणं आणि चंद्र गरागरा फिरवणं दिसायला सारखंच. पण इथे प्रत्येक वेळी त्यांना काहीतरी तपासायचं असतं.

या कामाची खरी आजी पितळेची आहे. १८७२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी भरती वर्तवणारं एक यंत्र बनवून घेतलं. चंद्रासाठी एक चाक, सूर्यासाठी एक, त्यांच्या बारीकसारीक लहरींसाठी आणखी चाकं, आणि सगळ्यांवरून जाणारी एकच दोरी. मूठ फिरवली की दोरीच्या टोकाची पेन्सिल कागदावर येत्या महिन्यांची भरती-ओहोटी काढत जाई. बेरीज हीच कल्पना, आणि ती डोळ्यांना दिसत होती. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ते यंत्र आजही आहे. अशा यंत्राला खाद्य लागतं ते पाण्याच्या उंचीच्या जुन्या नोंदींचं, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंद महासागरातल्या सर्वांत जुन्या सलग नोंदींत त्यांची गणना होते. गेटवेवर फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, कोण जाणे.

पहिल्या पानाची खरी चूक अजून सांगायचीच आहे. ते निरुपयोगी होतं, इतकंच नाही. ते चुकीचं होतं.

दोन फुगवटे आणि त्यांच्याखाली फिरणारी पृथ्वी हे चित्र पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. त्याचं मूळ १६८७ मध्ये न्यूटनने मांडलेल्या विचारात आहे आणि ओढ कुठून येते हे सांगायला ते ठीक आहे. पण पाणी तसं वागू शकत नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो. फुगवट्याला चंद्राखालीच राहायचं तर लाटेने जवळपास तितक्याच वेगाने धावायला हवं. चार किलोमीटर खोल समुद्रात अशा लांब लाटेचा वेग ताशी सातशे किलोमीटरांच्या आसपासच असतो. ती पोहोचूच शकत नाही. शिवाय मध्ये खंडं आडवी. लाप्लासने १७७५-७६ मध्ये या हालचालीच्या गणिताचा पाया घातला. समुद्राचं पाणी आपापल्या खोऱ्यात हेलकावतं, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते हेलकावणं गोल फिरू लागतं, आणि काही बिंदूंभोवती भरतीची लाट घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. त्या बिंदूंवर पाणी जवळपास चढत-उतरतच नाही. जगात अशी बंदरं आहेत की जिथे चंद्र ऐन डोक्यावर असताना ओहोटी असते.

आपल्याच किनाऱ्यावर पाहा. कोचीला भरती-ओहोटीतलं अंतर एक मीटरच्या आसपास, गोव्याला दोनच्या, मुंबईत उधाणाला पाचपर्यंत, आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहाच्या घरात. चंद्र सगळ्यांना तोच. उथळ, रुंद होत जाणारी समुद्रबूड जमीन आणि नरसाळ्यासारखं आखात पाण्याला उंच चढवतं. माझ्या गुळगुळीत गोळ्यात यातलं काहीही मावत नव्हतं. वाईट म्हणजे मुंबईच्या आसपास पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारालाच येते, चंद्र डोक्यावर असतो तेव्हा. म्हणजे माझं चुकीचं चित्र इथल्या मुलांना योगायोगाने बरोबर वाटलं असतं, आणि जन्मभर वाटत राहिलं असतं. वाईट कागदी आकृती मूल विसरून जातं. बोटाने फिरवलेली सुंदर चूक विसरत नाही.

उंची-खोलीच्या बाबतीतही हीच फसवणूक चालते, आणि जवळपास सगळेच ती करतात. समुद्रतळाचं कुठलंही त्रिमितीय चित्र उघडा, उथळ समुद्राच्या कडेचा खंडान्त उतार म्हणजे सह्याद्रीचा कडा वाटतो. प्रत्यक्षात तो उतार सरासरी चार अंशांचा. गाडीने चढता येईल असा. चित्रात उभं माप वीस-तीस पटींनी ताणलेलं असतं आणि ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तेही लिहिलं तर. मुंबईसमोरचा उथळ समुद्र ३०० किलोमीटरांच्या आसपास पसरलेला आहे; त्याच्या कडेशी खोली शंभर मीटरच्या घरात. हे खऱ्या प्रमाणात ३० सेंटिमीटरच्या पडद्यावर काढलं तर खोली येते मिलिमीटरचा दहावा भाग. केस. काही दिसणारच नाही. म्हणून ताणणं भाग आहे, मान्य. पण मुलाला आधी तो केस दाखवा, मग ताणायची पट्टी त्याच्या हातात द्या. किती ताणलं हे त्याला कळलं पाहिजे.

खरं सांगायचं तर या धड्याला संगणक लागतच नाही. शाळेच्या व्हरांड्यात तीस मीटर दोरी टाका. एक मीटर म्हणजे दहा किलोमीटर. टोकाला दोरी जमिनीपासून किती खाली जायला हवी? एक सेंटिमीटर. मी वर्गात विचारलं तेव्हा बहुतेकांनी हात गुडघ्यापर्यंत नेला. कुठल्याही वेबपानापेक्षा ती दोरी सरस आहे आणि जिथे दोरी पुरते तिथे कोड लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेरी थार्प यांचा नकाशा मात्र दोरीने झाला नसता. १९५७ मध्ये त्यांनी आणि ब्रूस हीझन यांनी उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा प्रसिद्ध केला. समोच्च रेषांचा नकाशा छापायला बंदी होती, शीतयुद्धात खोलीचे आकडे गुप्त होते. म्हणून त्यांनी डोंगरदऱ्या चितारल्यासारखा नकाशा काढला, आणि त्याने रेषांच्या नकाशापेक्षा कितीतरी जास्त लोकांना समुद्रतळ दाखवला. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेतली खचदरी थार्प यांना आकडे कागदावर उतरवतानाच दिसली होती. हीझन यांना ती आधी पटली नव्हती. त्या नकाशातही जहाजांच्या दोन वाटांमधली जागा अंदाजानेच भरलेली होती, पण थार्प यांना आपण कुठे अंदाज केला हे ठाऊक होतं. आज फोनवर समुद्रतळ पाहणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसतं. जगाच्या समुद्रतळापैकी आधुनिक ध्वनिमापनाने नीट मोजलेला भाग अजून पावाच्या आसपास आहे. बाकीचा बहुतांशी उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रपृष्ठाच्या उंच-सखलपणावरून काढलेला अंदाज. दोन्ही एकाच निळ्या रंगात, सारख्याच तपशिलात रंगवणं हा खोटेपणा आहे. अंदाजाचा भाग धूसर ठेवायला दोन ओळींचा कोड लागतो.

रंगांबद्दल थोडक्यात. तापमानाच्या नकाशात इंद्रधनुष्याचे सगळे रंग वापरायची खोड शास्त्रज्ञांनाही सुटता सुटत नाही. पिवळ्याच्या जागी डोळ्याला कड दिसते, समुद्रात ती नसते. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या मुलाला तर अर्धा नकाशा एकसारखा दिसतो. २०१६ मध्ये समुद्रविज्ञानासाठीच खास रंगपट्ट्या बनवून खुल्या केल्या गेल्या आहेत. फुकट आहेत. वापराव्यात.

‘मुलं समुद्राकाठी राहतात, त्यांना पडदा कशाला? किनाऱ्यावर न्या.’ हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो मला आवडतो. किनाऱ्यावर न्यावंच. पण किनाऱ्यावरून पंधरा दिवसांची भरती एकत्र दिसत नाही आणि पाण्याखालचे दोन हजार मीटर तर नाहीच. आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगते यंत्र-दांडे जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजारांवर बुडी मारायची, तिथून वर येता येता तापमान आणि खारटपणा मोजायचा आणि उपग्रहाला कळवायचं, हे त्यांचं काम. अरबी समुद्रातही ते आहेत, त्यांचे आकडे खुले आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आपल्याकडे हे काम पाहते. मुलाला कोरा आलेख द्या: वर २८ अंश, खाली जाताना पाणी कसं थंड होत जाईल ते काढ. बहुतेक सगळी तिरपी सरळ रेष काढतात. खरी रेष वरच्या थरात जवळपास उभी असते, मग एकदम मोडते, पहिल्या दोनशे मीटरांतच पंधरा-सोळा अंशांवर उतरते आणि पुढे हजार मीटरपर्यंत रेंगाळत दहाच्या खाली जाते. ती मोड पाहिली की पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं म्हणजे काय होतं, हे सांगायला सोपं जातं. मासेमारीबंदीच्या दिवसांत होड्या शाकारलेल्या असतात तेव्हा पाण्याखाली काय चाललेलं असतं, ते पाहायला पडदाच लागतो.

आणि तो पडदा साधा असावा. माझं तारेवालं पान त्या शाळेच्या निम्म्या फोनांवर उघडलंच नव्हतं. हे मला मागाहून कळलं, कारण मुलं भिडस्त, बोललीच नाहीत. फ्लॅशमध्ये बनवलेली हजारो शैक्षणिक चित्रं २०२० च्या ३१ डिसेंबरनंतर बंद पडली. केल्व्हिनचं पितळ दीडशे वर्षं टिकलं. आज जे वीस तयार साचे एकावर एक रचून बनवतात ते पाच वर्षांनी उघडेल याची खात्री बनवणाऱ्यालाही नसते. माझं दुसरं पान एकाच फाइलीत आहे, नेट नसलं तरी चालतं, पेनड्राइव्हवरून वाटता येतं. दिसायला ते सुमार आहे.

त्यातले शब्दही मी बदलले. पहिल्यात ‘लघुतम भरती’ असं काहीसं होतं. वर्गात कुणाला कळेना. मग एकाने विचारलं, ‘म्हणजे भांग का सर?’ आता पानावर भांग आहे, उधाण आहे, ओहोटीला कंसात सुकतीही आहे.

एक अडचण मात्र माझ्याने एकट्याने सुटणारी नाही. पाऊणपटीचा नियम एकाच जागेला नीट लागू पडतो. खाडीच्या तोंडाशी आणि खाडीत आत दहा-बारा किलोमीटरांवर भरतीची वेळ एक नसते. छापील कोष्टकं मोठ्या बंदरांची, आणि शाळा असतात खाडीच्या आत. तिथल्या वेळा तिथल्या घरांतच आहेत. तुम्ही डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खाडीवर राहत असाल तर घरातल्या मोठ्या माणसांना एवढं विचारा: अष्टमीला तुमच्या धक्क्यावर भरती किती वाजता भरते? गावाचं नाव आणि वेळ लिहून कळवा. अंदाज असला तरी चालेल, फक्त अंदाज आहे असं सोबत लिहा.